मागे घेतलेले विधान

सुरत, २३ फेब्रुवारी २०२५

चि. तेजस्विनी,
आशीर्वाद.

तू माझा फोन घेत नाहीस आणि संदेशांना उत्तर देत नाहीस. तो तुझा निर्णय आहे. पत्राचे एक बरे असते: ते हातात पडल्यावरही वाचावे की नाही, हे घेणाऱ्यालाच ठरवता येते. म्हणून टपालाचा मार्ग पत्करला आहे.

आरंभीच स्पष्ट करते की या पत्रात विनंती नाही, माहिती आहे. दिलीप तुझा बाप आहे आणि त्याच्या प्रकृतीची माहिती मिळणे हा तुझा हक्क आहे. तुझे माझ्याशी काय बिनसले आहे, हा प्रश्न त्या हक्काच्या आड येत नाही.

उत्तरायणाच्या आधी उड्डाणपुलावर मांजा आडवा आला, दिलीपने ब्रेक दाबला आणि तो दुभाजकावर आपटला. हेल्मेट हँडलला अडकवलेले होते. इथपर्यंत तुला ठाऊक आहे. अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर तू उभी होतीस, तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. शस्त्रक्रियेच्या संमतीवर मी तुला न विचारता सही केली, यावरून तू बोललीस. निर्णय घेणारे माणूस एकच असावे, असे मी म्हणाले आणि तू नाशिकला परत गेलीस. त्यानंतरचे लिहिते.

दिलीप घरी आला आहे. वॉकर धरून तो बाल्कनीपर्यंत जातो. उजव्या हातात जोर कमी आहे. शब्द अडतात, पण कोणते अडतील याला नियम नाही. चमच्याला तो 'ते जेवायचं' म्हणतो. 'तारणगहाण' हा बँकेतला शब्द मात्र त्याला न चाचरता आठवतो. थोडे बोलले की तो थकतो आणि थकला की चिडतो. डॉक्टरांच्या मते या अवस्थेत हे सारे अपेक्षित आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुझ्याशी संबंधित आहे. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की स्मृतीत रिकाम्या जागा पडतात आणि माणूस त्या आपल्या नकळत भरतो. तो खोटे बोलत नसतो. त्याला ते खरेच वाटते. दिलीपच्या रिकाम्या जागेत तू आहेस. रोज संध्याकाळी तो मला सांगतो, "ताई, तेजू येऊन गेली."

"केव्हा?"

"आत्ताच. ज्वारीचा पोंक खाल्ला तिने. शेव जास्त घातली म्हणून माझ्यावर चिडली."

शेजारचे भूपेंद्रभाई चहाला येतात आणि यात तेल ओततात. "केम दिलीपभाई, दीकरी आवी'ती?" लेक आली होती का, असे विचारतात. तो हो म्हणाला की लगेच, "हा, हा, मने लिफ्टमां मळी! दुबळी थई गई छे." मी त्यांना बाजूला घेऊन सांगितले की हे योग्य नाही. ते म्हणाले, "अलकाबेन, तमे पण शुं! एमां आपणुं शुं जाय?" आपले काय जाते, हा त्यांच्या मते युक्तिवाद आहे.

वाचा-उपचारासाठी कोसाडहून सोनाली नावाची मुलगी येते. हुशार आहे, फक्त फार भरभर बोलते. तिचेही म्हणणे जवळपास तेच. "मॅडम, चूक म्हणायचं नाही. हो पण म्हणायचं नाही. विषय बदलायचा, बस." मी म्हणाले, असत्यासमोर गप्प राहणे ही त्याला दिलेली मान्यताच असते. तर म्हणाली, "हे घर आहे ना मॅडम, कोर्ट नाहीये."

हे घर कसे आहे, ते तिला ठाऊक नाही. दिलीप सात वर्षांचा असताना मी जेवणाच्या पाटावर नियम घातला: कुणी काही विधान केले की समोरच्याने 'कशावरून?' असे विचारायचे, आणि उत्तर देता आले नाही तर 'मागे घेतो' म्हणून पुढचा घास घ्यायचा. पाटाचे पुढे टेबल झाले, मी तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झाले, नियम तोच राहिला. तूही त्यातच वाढलीस. तुझी आई वर्षा तेवढी शेवटपर्यंत म्हणत राहिली, "मी काही मागेबिगे घेत नाही, तुम्ही भाजी घ्या."

वर्षा गेल्यानंतर त्याच टेबलावर तू म्हणालीस की बाबांना नाशिकला घेऊन जाते. तिथे त्यांना बरे वाटेल. मी विचारले, कशावरून? तू दिलेले एकही कारण टिकले नाही, आणि दिलीप म्हणाला, "ताईचं म्हणणं बरोबर आहे." त्या वादाविषयी माझे मत बदललेले नाही. तो नाशिकला असता तर त्या पुलावर नसता, असे अनुमान तू काढले असशील. ते सदोष आहे. परिणामावरून निर्णयाची योग्यता ठरत नाही. मी ते रोज तपासून पाहते. रोज सदोषच निघते.

तुझी आत्या,
अलका


सुरत, १६ मार्च २०२५

चि. तेजस्विनी,
आशीर्वाद.

पहिल्या पत्राला तुझे उत्तर आले नाही, पण ते पोचल्याचे कळले. बाबा खरंच असं म्हणतात का, असे तू भूपेंद्रभाईंना फोन करून विचारलेस. मला विचारले असतेस तर अधिक नेमके उत्तर मिळाले असते. ते आता देते.

तू येऊन गेल्याचे दिलीप आता म्हणत नाही. महिन्याच्या सुरुवातीपासून त्याने ते एकदाही म्हटलेले नाही. याला सुधारणा म्हणायला हवे.

इतर बाबतींतही प्रगती आहे. वॉकरऐवजी काठी चालते. उजव्या हाताने तो पेला धरतो, क्वचितच सांडतो. चिडणे जवळजवळ थांबले आहे. वाढले की जेवतो, झोप म्हटले की झोपतो. धुळवडीला खाली सोसायटीत मोठ्याने गाणी चालली होती. मागच्या महिन्यात असे झाले असते तर त्याने कान झाकून आरडाओरडा केला असता. परवा नुसता बसून राहिला. खिडकी लावू का, विचारले तर म्हणाला, "तू ठरव."

सोनालीने मात्र विचारले, "मॅडम, यांचं बोलणं कमी कसं झालं? मागच्या महिन्यात किती बोलत होते." मी म्हणाले की अनावश्यक बोलणे कमी झाले आहे. तिने माझ्याकडे पाहिले आणि आपली चित्रांची कार्डे मांडली. केळ्याचे चित्र दाखवल्यावर दिलीपने आधी माझ्याकडे पाहिले.

दिवाणखान्यातली त्याची खुर्ची त्याने फिरवून घेतली आहे. आता दार त्याच्या पाठीमागे येते. उन्हामुळे असावे.

भूपेंद्रभाई बरेच दिवस चहाला आलेले नाहीत. कारण मी विचारलेले नाही.

तुझी आत्या,
अलका


सुरत, ६ एप्रिल २०२५

चि. तेजस्विनी,
आशीर्वाद.

मागील पत्रातील एक विधान अपुरे होते. अपुरे विधान आणि असत्य विधान यांतला भेद मी वर्गात पुष्कळ वर्षे शिकवला. या बाबतीत तो भेद मला उपयोगी पडत नाही.

दिलीप ते म्हणायचे आपणहून थांबला नाही. मी त्याला थांबवले.

मार्चच्या सुरुवातीची संध्याकाळ होती. भूपेंद्रभाई चहा घेत होते. दिलीप नेहमीप्रमाणे म्हणाला, तेजू येऊन गेली, पोंक खाल्ला. मी गप्प राहिले. रोज गप्प राहतच होते, हे माझ्या बाजूने नोंदवते. मग तो म्हणाला, "तेजू म्हणाली, बाबा, नाशिकला चला. मी हो म्हटलं तिला. बॅग काढ ताई."

भूपेंद्रभाई हसून म्हणाले, "वाह! तो पछी अमने पण लई जाओ." आम्हालाही न्या. दिलीपही हसला. अपघातानंतर तो पहिल्यांदाच मोकळा हसला.

मी विचारले, "कशावरून?"

"अलकाबेन, जवा दो ने," भूपेंद्रभाई म्हणाले.

मी जाऊ दिले नाही. "दिलीप, तिने पोंक खाल्ला म्हणालास. पोंक कधी मिळतो?"

"थंडीत."

"हा कोणता महिना?"

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. वाचायला वेळ लागला. "मार्च."

"आता बाजारात पोंक आहे?"

"नाही."

"दारात तिच्या चपला आहेत?"

तो काठी धरून उठला, दारापर्यंत गेला, वाकून पाहिले आणि परत आला. "नाहीत."

"मग?"

त्याची बोटे टेबलाची कड चाचपत होती. लहानपणी उत्तर सापडेनासे झाले की तो पाटाची कड अशीच चाचपायचा. "मग… आली नाही."

"आणि नाशिक?"

"मागे घेतो," तो म्हणाला.

भूपेंद्रभाई अर्धा चहा तसाच ठेवून उठले. दारात वळून म्हणाले, "बेन, तमे जीती गयां." तुम्ही जिंकलात. हे वाक्य मी याआधी एकदा ऐकले आहे, तुझ्या तोंडून.

प्रत्येक पायरी निर्दोष होती. आजही मला त्यात खोट काढता येत नाही. पण मी तो युक्तिवाद सत्यासाठी केला नव्हता. तो रोज म्हणे की तू आलीस. ते मी चालवून घेतले. तो तुला हो म्हणाला, हे मला चालले नाही. एवढेच कारण होते.

परिणाम असा झाला. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी तो म्हणाला, "भूक लागली." मग थांबला आणि म्हणाला, "मागे घेतो." मला हसू आले. तो पूर्वी असे विनोद करत असे. मी वाढले, तो जेवला. दुपारी म्हणाला, "उकडतंय." आणि पुन्हा, "मागे घेतो." पंखा त्याच्या डोक्यावर बंद होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. गेल्या आठवड्यात बाथरूममध्ये त्याचा पाय घसरला. गुडघा सुजला होता. दुखते का, विचारले तर माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, जणू उत्तर माझ्याकडे आहे.

मी हे सोनालीला सांगितले. ती प्रथमच हळू बोलली. "मॅडम, त्यांना आता आतून काही वाटलं की तपासायला लागतात. आणि तपासायला जेवढी ताकद लागते, तेवढी अजून आलेली नाही. मग सोपं काय? सोडून द्यायचं. भूकसुद्धा."

"उपाय काय?"

"वेळ. आणि कुणीतरी त्यांचं ऐकून खरं मानायला पाहिजे. तुमच्याकडून आता नाही होणार ते. वाईट नका वाटून घेऊ, पण तुम्ही बोललात की त्यांना परीक्षा वाटते."

वाईट वाटणे अपरिहार्य होते. ते वाटून झाल्यावर मी विचार केला आणि तो विचार इथे मांडते. दिलीपने सोडून दिलेल्या विधानांत एकच असे आहे, जे कुणाला तरी खरे करता येईल: तेजू आली. ते मला करता येणार नाही, भूपेंद्रभाईंना नाही, सोनालीला नाही. त्याचा स्वतःवरचा विश्वास मी ज्या विधानावर मोडला, तेच खरे ठरले, तर तो त्याला परत मिळण्याची शक्यता आहे. खात्री नाही. शक्यता आहे.

पहिल्या पत्रात विनंती नाही असे मी लिहिले होते. या पत्रात आहे. ये. मी घरात नसावे असे वाटत असेल, तर तसे भूपेंद्रभाईंना कळव. मी त्या दिवशी कामरेजला मैत्रिणीकडे जाऊन राहीन.

अलका आत्या


सुरत, २७ एप्रिल २०२५

चि. तेजस्विनी,
आशीर्वाद.

तू परत जाताना भूपेंद्रभाईंना म्हणालीस, "काका, बाबांनीसुद्धा मला मागे घेतलं." त्यांनी ते मला जसेच्या तसे सांगितले. तुझा हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो तसाच राहिला तर त्याचा दोष तुझा नसेल, म्हणून हे पत्र आजच टाकते.

काय घडले ते मी दारातून पाहिले. मी कामरेजला जावे असे तू सांगितले नव्हतेस, म्हणून मीच दार उघडले. सापुताऱ्याच्या घाटातला तो प्रवास करून तू आली होतीस, चेहरा उतरला होता. "बाबा?" एवढेच तू विचारलेस. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. तू त्याच्यासमोर गेलीस आणि गुडघ्यांवर बसलीस.

त्याने तुला पाहिले. तो म्हणाला, "तेजू आली."

शब्द अडला नाही, आवाज कापला नाही. अपघातानंतर त्याने इतके स्वच्छ वाक्य उच्चारलेले मी ऐकले नव्हते. मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मग दाराकडे, जिथे तुझ्या चपला होत्या. पण मी त्यांच्या पुढ्यात उभी होते आणि त्याला त्या दिसल्या नाहीत. तो पुन्हा तुझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मागे घेतो."

"बाबा, मीच आहे," तू म्हणालीस.

"हो, हो. बसा ना," तो म्हणाला. बँकेत काउंटरवर आलेल्या माणसाशी बोलावे तसे.

त्याने तुला मागे घेतले नाही, तेजस्विनी. त्याने आपले डोळे मागे घेतले. तू समोर होतीस, त्याने तुला ओळखले होते, आणि तरीही आपल्याला दिसते ते खरे आहे की नाही, हे विचारायला त्याने माझ्याकडे पाहिले. 'हो' एवढाच शब्द पुरेसा होता. मी तो उच्चारला नाही. का, ते सांगते: तो स्वतःहून उत्तरापर्यंत पोचतो का, हे मी पाहत होते. विद्यार्थी फळ्यापाशी अडला की मी नेहमी असेच थांबत असे. मी थांबले, आणि तेवढ्यात तू उठून स्वयंपाकघरात गेलीस, पाणी प्यायलीस, भूपेंद्रभाईंच्या दारी जाऊन बसलीस आणि संध्याकाळच्या बसने निघालीस. तुला अडवायला मी जिन्यापर्यंत आले होते. तुझे नाव तोंडात होते. तेही उच्चारले नाही.

याबद्दल मला जे वाटते, ते लिहिण्याची सवय मला नाही. ते आहे, एवढे नमूद करते.

आता काल संध्याकाळचे. भूपेंद्रभाई फार दिवसांनी चहाला आले. दिलीप पेला धरून बसला होता. मग तो म्हणाला, "तेजू आली होती." आणि माझ्याकडे पाहिले.

भूपेंद्रभाई चहात बघत राहिले. मी म्हणाले, "हो. आली होती."

मला वाटले, तो समाधानाने मान हलवील. त्याने पेला खाली ठेवला, भुवया जवळ आणल्या आणि विचारले, "कशावरून?"

अपघातानंतर त्याने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. सोनालीने आज ऐकले तेव्हा तिने टाळीच वाजवली. पण काल मला उत्तर द्यायचे होते. मी घरभर नजर फिरवली. तू काही खाल्ले नव्हतेस. पिशवी खांद्यावरून खाली ठेवली नव्हतीस. पाणी प्यायलीस तो पेला पाहुण्यासारखा विसळून, पुसून, जागेवर ठेवून गेली होतीस. दाखवण्यासारखे काही उरलेच नव्हते.

"मी पाहिलं," मी म्हणाले. "मी दार उघडलं तिला."

त्याने विचार केला. "एकच साक्ष," तो म्हणाला. "पुरेसं नाही, ताई."

भूपेंद्रभाई उसळून म्हणाले, "अरे, में पण जोई छे ने! मारे त्यां चा पीधी एणे." तू त्यांच्याकडे चहा घेतला होतास, हे खरे होते.

दिलीपने त्यांच्याकडे करुणेने पाहिले. "भूपेंद्रभाई, तुम्हाला ती रोजच दिसते."

भूपेंद्रभाईंना हसू फुटले आणि मग त्यांनी रुमाल काढला. माझी अवस्था फारशी वेगळी नव्हती. माझ्याकडे रुमाल नव्हता, इतकाच फरक.

दिलीपची हरकत बरोबर आहे. एक साक्षीदार त्याला पूर्वी खोटे पाडून गेलेला, दुसरा रोज खोटी साक्ष देणारा. अशा पुराव्यावर मीही काही मानले नसते. पण एक लक्षात घे: त्याने विधान मागे घेतले नाही. मी वाट पाहिली. तो शब्द आला नाही. चहा संपवून त्याने काठीने खुर्चीचा पाय ठोठावला आणि म्हणाला, "फिरव." कुणीकडे, विचारले, तर दाराकडे बोट केले. आज सकाळपासून तो तिथेच बसला आहे. जेवताना म्हणाला, "भूक लागली," आणि पुढे काही म्हणाला नाही.

त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तुझ्याकडे आहे. दर आठवड्याला येणे तुला शक्य नाही, हे मला कळते. पुन्हा एकदा आलीस तरी चालेल. आल्यावर नाशिकचा विषय त्याच्यासमोर काढ. मी त्या वेळी टेबलावर नसेन. तो जे म्हणेल ते त्याचे असेल, आणि कशावरून, असे मी त्याला विचारणार नाही.

आणि या वेळी चपला दारात मध्येच काढ. पेला विसळून ठेवू नकोस.

तुझी,
अलका आत्या